मिझ ओव्हाळ

"म्हणा, 'माझं'."

"माझं," आम्ही म्हणालो.

"आता त्यातला झ तेवढा धरून ठेवा. झ. त्याच्या आधी 'मि' लावा."

"मिझ."

"बबनराव, तुम्ही 'मिस' म्हणालात."

"तेच की ओ मॅडम."

"तेच नाही. 'मिस' म्हणजे लग्न न झालेली. 'मिसेस' म्हणजे लग्न झालेली. 'मिझ' म्हणजे तुम्हांला काय करायचंय."

सोमवारची सकाळ होती. पेठेतल्या आमच्या छोट्याशा कॉलेजचं ऑफिस नुकतंच उघडलं होतं, आणि विशाखा ओव्हाळ या आमच्या वरिष्ठ लिपिक आम्हा पाच जणांना ओळीत उभं करून एका अक्षराचा उच्चार शिकवत होत्या. प्राचार्याबाईंनी काचेतून एकदा पाहिलं आणि परत कागदांत डोकं घातलं. ओव्हाळ मॅडमच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

याला आता वीस वर्षं झाली. मी तेव्हा कनिष्ठ लिपिक होतो. आवक-जावक नोंदवायची, पाकिटं चिकटवायची, तिकिटं लावायची, हे माझं काम. मॅडमचं टेबल खिडकीशी होतं. बेताची उंची, खळ घातलेली सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. टेबलावर खाकी कागदाचं कव्हर घातलेली एक जाडजूड डिक्शनरी आणि एक लाल पेन्सिल. कॉलेजचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार त्यांच्या हातून जायचा. टायपिंग आणि शॉर्टहँड त्या बुधवार पेठेतल्या एका क्लासमध्ये शिकल्या होत्या आणि इंग्रजी बहुतेक त्या डिक्शनरीतूनच. त्यामुळे ते कसं इस्त्री केल्यासारखं असायचं, कुठे चुणी नाही. मराठीत मात्र त्या सगळ्यांशी 'अहो'नं बोलायच्या. प्राचार्याबाईंशी जसं, तसंच आमच्या शिपायांशी, बबनरावांशी. मला त्या पहिल्या दिवशी "अहो भिडे" म्हणाल्या तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. चोवीस वर्षांच्या माणसाला ऑफिसात कुणी 'अहो' म्हणत नाही.

मुलींचे अर्ज यायचे. 'रिस्पेक्टेड मॅम.' मॅडम अर्ज उलटा करून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलीपुढे धरायच्या.

"ही कोण? मॅम?"

"मॅडम, म्हणजे तुम्हीच."

"मग माझा 'ड' कुठे गेला? बसमध्ये राहिला? जा, घेऊन या."

मुलगी हिरमुसून दुसरा अर्ज लिहायला बसायची. पण मग पाच मिनिटांनी मॅडमच उठून तिच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि तो अख्खा अर्ज एकेक ओळ करून दुरुस्त करून द्यायच्या. घाईत असतील तर स्वतः टाईप करून द्यायच्या. अशा किती मुलींच्या पहिल्या नोकरीचे अर्ज त्या टेबलावरून गेले, ते कुणी मोजले नाहीत.

आमच्या प्राचार्या बाई असूनही निम्मी पत्रं 'डिअर सर' अशी यायची. एका पुस्तकविक्रेत्यानं लागोपाठ तीनदा तसं लिहिलं तेव्हा मॅडमनी त्याला उत्तर टाईप केलं. मराठीत त्याचा अर्थ असा, की आपलं पत्र ज्यांना आहे ते गृहस्थ या इमारतीत आढळले नाहीत, हे कळवण्यास खेद वाटतो. चौथ्या पत्राला तो विक्रेता स्वतःच आला, पेढे घेऊन.

त्यांच्या घरच्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. येरवड्याला आईसोबत राहतात एवढंच. गळ्यात मंगळसूत्र नाही, टिकली कधी असायची, कधी नसायची. आमच्या लेखाविभागातल्या लेले बाईंना हे फार खुपायचं. एकदा डबा खाता खाता त्यांनी विचारलंच.

"ओव्हाळ मॅडम, मिस्टर काय करतात तुमचे?"

"कुठले?"

"म्हणजे... आहेत ना?"

"पुण्यात पुष्कळ आहेत. आपल्याला कुठले हवेत?"

लेले बाईंना ठसका लागला. मॅडमनी शांतपणे आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्यापुढे सरकवली आणि पाण्याचा ग्लास दिला. विषय तिथेच संपला, कायमचा.

पण म्हणून 'मिझ'चा हट्ट त्यांचा पहिल्यापासूनचा होता असं नाही. उलट, मी रुजू झालो तेव्हा त्यांचा खाक्या अगदी निराळा होता. लग्न झालेलं नसेल तर 'मिस'. झालं असेल तर 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. पुस्तकात तसं छापलंय म्हणून तसं. कुणी काही वेगळं लिहून आणलं तर लाल पेन्सिल चालायची. त्या पेन्सिलीचा मॅडमना अभिमान होता. तो उतरला सारिका जाधवमुळे.

कॉलेजात सहायक ग्रंथपालाची एक जागा निघाली होती. मुलाखती झाल्या आणि सारिका जाधव ही मुलगी पहिली आली. निवडपत्रं तेव्हा रजिस्टर पोस्टानं जायची. दहा दिवसांत रुजू झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. फाईल मीच मॅडमपुढे ठेवली. पदवीची प्रमाणपत्रं जाधव नावानं होती, एक कसलंसं शिंदे नावानं होतं, आणि दोन्हींचा मेळ बसावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडला होता. अर्जावर मात्र मोठ्या अक्षरात 'सारिका जाधव' एवढंच.

"अर्जात जाधव आहे, मॅडम," मी म्हणालो.

"लग्न झालंय ना? दाखला जोडलाय ना? मग मिसेस शिंदे. अर्ज चुकीचा भरलाय त्यांनी."

त्यांनी टाईप केलं, मिसेस एस. शिंदे. मी पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली, जावक नोंदवहीत लिहिलं आणि बबनरावांकडे दिलं.

आठ-नऊ दिवसांनी पाकीट परत आलं. 'या नावाचं कुणी राहत नाही' असा पोस्टमनचा शेरा. मी ते आवक म्हणून नोंदवलं आणि फाईलला लावलं. कुणी चौकशी केली नाही. मुदत संपली, दुसऱ्या क्रमांकाच्या बाई रुजू झाल्या.

त्यानंतर दोन आठवडे गेले असतील. दुपारी एक मुलगी ऑफिसच्या खिडकीशी आली. हातात रुमाल घट्ट धरलेला. म्हणाली, "ग्रंथपालाच्या जागेचं विचारायचं होतं. निवड झाली नसेल तर तसंही सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघते."

नाव ऐकलं आणि मॅडमनी फाईल मागवली. त्यांनी ते परत आलेलं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "आपली निवड झाली होती. आम्ही पत्र पाठवलं होतं. आपण स्वीकारलं नाहीत."

ती मुलगी पाकिटावरचं नाव बघत राहिली. मग म्हणाली, "हे मी नाही."

"आपलंच आहे. आपणच दाखला जोडलाय."

"हो. पण हे नाव मी टाकून दिलंय, मॅडम. म्हणून तर अर्जात लिहिलं नव्हतं."

आणि मग तिथेच उभ्या उभ्या, अगदी हळू आवाजात, तिनं सांगितलं. नवऱ्याचं घर सोडून वर्ष झालं होतं. कोर्टात घटस्फोटाची केस चालू होती. कर्वेनगरला ती पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. घरमालकीण मावशी फक्त लग्न न झालेल्या, नोकरी करणाऱ्या मुली ठेवायच्या; खोली मिळेना म्हणून तिनं लग्न झाल्याचं सांगितलंच नव्हतं. पोस्टमन आला तेव्हा ती घरात नव्हती. मावशींनी त्याला सांगितलं, इथे कुणी मिसेसबिसेस राहत नाही. पण नावातला 'एस' त्यांच्या डोक्यात राहिला. संध्याकाळी त्यांनी एकेकीला विचारलं. सारिकाला खोटं बोलता आलं नाही. महिनाअखेर खोली सोडायला सांगितली.

"मला कळेचना मावशींना अचानक कुणी सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, सासरकडचं कुणीतरी आलं असेल. आज कळलं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खिडकीशेजारचं दार उघडलं, तिला आत घेतलं, आपली खुर्ची दिली आणि स्वतः तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पोस्टमनची नाही, आपल्या मावशींची नाही. आपण आपलं नाव नीट लिहिलं होतंत. मी ते खोडलं."

मग त्या तडक प्राचार्याबाईंकडे गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाई समजूतदार होत्या, पण जागा भरली गेली होती. रुजू झालेल्या माणसाला घरी कसं पाठवणार?

"मला हे लेखी द्यायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"अहो ओव्हाळ, तोंडी सांगितलंत, पुरे झालं. लेखी कशाला? सेवापुस्तकात नोंद होईल. उगाच एवढ्या वर्षांच्या नोकरीला डाग."

"व्हावी नोंद. त्यांच्याकडे काहीतरी कागद तरी राहील, की त्यांनी काही चुकवलं नाही म्हणून."

त्यांनी दोन प्रती केल्या. आणि मी पाहिलं, त्यांनी ते मराठीत लिहिलं होतं, हातानं. एक प्रत प्राचार्यांना, एक सारिकाला. पुढच्या आठवड्यात मॅडमना रीतसर ज्ञापन, म्हणजे लेखी समज, मिळालं. शिंदे नावाचं ते पाकीट मीच चिकटवलं होतं, नावाबद्दल शंकाही मला आली होती, आणि परत आलेलं पाकीट फाईलला लावून गप्प बसणारा तर मीच होतो. मी काही लेखी दिलं नाही. मला कुणी मागितलंही नाही.

सारिका चौकशीला आली होती त्या दिवशी, ती निघाली तेव्हा मॅडम तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. मी पाणी प्यायला बाहेर आलो होतो.

"आमच्या घरी एक कॉट रिकामी आहे," मॅडम म्हणत होत्या. "येरवड्याला. आई असते, तिला सोबत होईल."

सारिका एक पायरी खाली उतरली.

"आपल्याला माझा राग असेल. राग ठेवून राहिलात तरी चालेल."

ती महिनाअखेरीला तिथे राहायला गेली. आणि त्यानंतरच्या सोमवारी मॅडमनी आम्हाला ओळीत उभं करून 'माझं'मधला झ शिकवला. एम आणि एस, पुढे टिंब. "हे कशाचं लघुरूप आहे?" असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कशाचंच पुरतं लघुरूप नाही, हीच त्याची सोय. मिस्टर बघा. कुणाचं लग्न झालंय, कुणाचं मोडलंय, कुणाची बायको गेली, काही कळतं? आजवर काही अडलं?"

लेले बाई म्हणाल्या, "पण मला तर बाई मिसेसच आवडतं. पंचवीस वर्षं संसार केलाय मी."

मला वाटलं, आता यांची धडगत नाही. पण मॅडम म्हणाल्या, "मग आपल्याला मिसेस. ज्याचं त्याला विचारून लिहायचं. विचारता आलं नाही तर मिझ." आणि त्या दिवसापासून लाल पेन्सिल माणसांच्या नावांवर पुन्हा चालली नाही.

सारिका पाच महिने येरवड्याला राहिली. मॅडम रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसून अर्ज लिहायच्या असं तिच्याकडूनच कळलं. उत्तरासाठी पत्ता आमच्या कॉलेजचा दिलेला असायचा. एकदा साताऱ्याच्या एका कॉलेजचं मुलाखतीचं पत्र आलं. नेमक्या मॅडम तापानं रजेवर होत्या. पत्र पडून राहायला नको, ही आता मलाही धास्ती होती, म्हणून मी ते घेऊन येरवड्याला गेलो.

दोन खोल्यांचं घर, दारात तुळस नव्हती पण मोगरा होता, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सारिका दुकानात गेली होती. दार मॅडमच्या आईनं उघडलं. गयाबाई. सुरकुतलेला हसरा चेहरा, डोक्यावर पदर. मी पाकीट दाखवलं तर त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"पोरीचं हाय का? नाव बराबर घातलंय न्हवं?"

"बरोबर आहे, आजी."

"हां. आमच्या घरात पत्राचं लई हाय बगा." आणि त्या जमिनीवर बसूनच सांगायला लागल्या. "म्या तवा बंडगार्डनकडं एका बंगल्यात कामाला व्हते. समदी मला गया म्हनायची. पोरंटोरंसुदिक, ए गया. इशाखा बुधवारात टायपिंग शिकायची. परीक्षा पास झाली, तर घरी बोलायचं सोडून मला पत्र धाडलं. पोस्टानं! विंग्रजीत!"

आतल्या खोलीतून मॅडमचा तापानं बसलेला आवाज आला. "आई, त्यांना आधी पाणी द्या."

"बगा, मला 'द्या' म्हनती. शेजारनी हसत्यात." त्यांनी पाणी दिलं आणि पुन्हा बसल्या. "तर मला कुठलं वाचाया येतंय. नेलं बंगल्यावर, मालकीनबाईला म्हनलं, वाचा जरा. तिनं चष्मा लावला. डिअर म्याडम, म्हनली. आन् थांबली. माझ्याकडं बगून म्हनली, गया, तुझ्या पोरीनं मला कशापायी लिवलंय? मी म्हनलं, तुमाला न्हाई बाई. मला हाय ते."

हसता हसता त्यांना खोकला आला. आत मॅडमही खोकल्या की हसल्या, मला कळलं नाही.

सारिकाला साताऱ्याची नोकरी मिळाली. पुढे कधीतरी एका ग्रंथप्रदर्शनात ती मला भेटली. केस थोडे पिकले होते, छान दिसत होती. मॅडमची चौकशी केली, त्यांना दर दिवाळीला फोन करते म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मॅडमनी माझं फार केलं, भिडे. सख्खं कुणी करणार नाही. पण ते पत्र वेळेवर मिळालं असतं, तर मी पुण्यातच राहिले असते. कधीकधी वाटतं." मी हे मॅडमना सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना ते ठाऊकच होतं.

नंतरची वर्षं ऑफिसात बरीच शांत गेली, म्हणजे मॅडम जितकी जाऊ देत तितकी. कॉलेजच्या एका समारंभाला शहरातल्या एका नामवंत डॉक्टर बाई आणि त्यांचे यजमान पाहुणे म्हणून येणार होते. यजमान बँकेतून निवृत्त झालेले. खुर्च्यांवर ठेवायच्या कार्डांची यादी विश्वस्तांकडून आली, त्यात लिहिलं होतं, 'डॉक्टर अँड मिसेस देशपांडे.'

"यात डॉक्टर कोण आहे?" मॅडमनी मला विचारलं.

"बाई."

"आणि मिसेस?"

"त्याही बाईच."

"म्हणजे दोन खुर्च्यांवर एकच बाई बसणार. यजमान उभे राहणार का?"

त्यांनी कार्डं नवी केली. डॉक्टर देशपांडे, अँड मिस्टर देशपांडे. विश्वस्त चिडले, ऐनवेळी बदलायला वेळ नव्हता म्हणून राहिलं. देशपांडे काका आले, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एवढ्या मोठ्यानं हसले की पहिली रांग वळून पाहायला लागली. जाताना त्यांनी ते कार्ड कोटाच्या खिशात घातलं. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी 'आणि'च्या नंतर आलो," ते मॅडमना म्हणाले. "बरं वाटलं. गर्दी कमी असते इकडे."

कॉम्प्युटर आले तेव्हा प्रवेशाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक मुलीला मिस किंवा मिसेस निवडल्याशिवाय पुढेच जाता येत नव्हतं. ते सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा पंचविशीचा, कानात इयरफोन.

"मॅम, दोनच ऑप्शन्स आहेत. फील्ड मॅन्डेटरी आहे. तिसरा अॅड करायचा तर बॅकएंडला जावं लागेल."

"मग जाऊन या," मॅडम म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

तो दोन दिवसांनी तिसरा पर्याय घालून आला. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि 'मॅम'मधला 'ड' परत करायला सांगितला. तो गोंधळून म्हणाला, "सॉरी, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "बघा, आला."

गयाबाई गेल्या त्या वर्षी मॅडम पहिल्यांदा आठवडाभर सलग रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. बबनरावच पुढे झाले. आयुष्यात कधी न जमलेला उच्चार त्यांनी त्या दिवशी केला. "मिझ गयाबाई फार चांगल्या होत्या," ते म्हणाले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बबनराव, त्यांना मिसेस आवडायचं," त्या म्हणाल्या, "पण तुमचा झ उत्तम आला." आणि मग टेबलाशी बसून त्यांनी आठवडाभराची साठलेली पत्रं पुढे ओढली.

त्यांच्या निवृत्तीच्या वेळी मी ऑफिसचा अधीक्षक झालो होतो. निरोपसमारंभात द्यायचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर सोपा होता. अडलो पहिल्याच ओळीवर. विश्वस्तांच्या ऑफिसातून तीनदा फोन आला, छापायला टाकायचंय, नावाआधी काय लिहू? सौभाग्यवती? श्रीमती? कुमारी?

इतकी वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. शेवटी मी कपाटातून त्यांचं सेवापुस्तक काढलं. हे बरोबर नव्हतं, पण काढलं. आत अगदी पहिल्या दिवशी भरलेला छापील फॉर्म होता. नावाच्या रकान्यात तीन शब्द छापलेले, कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती, आणि खाली बारीक अक्षरांत, 'लागू नसेल ते खोडावे.'

तिन्ही खोडलेले होते. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या हातानं, पट्टी लावून, सरळ रेघांनी. मी ते पुस्तक मिटून ठेवलं आणि त्यांच्याकडे गेलो.

"मॅडम, मानपत्रावर नावाआधी काय लिहायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना कळलं, मी कुठून आलोय ते.

"शेवटी विचारलंत," त्या म्हणाल्या. "अहो, नुसतं नाव लिहा. विशाखा ओव्हाळ. पुरेसं लांब आहे, जागा भरेल."

निवृत्तीनंतर सहा-सात महिन्यांनी समारंभाचे फोटो द्यायला मी येरवड्याला गेलो. दुपारचे तीन वाजले होते. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मॅडम विहारात असतील, आज त्यांचा क्लास असतो.

विहाराच्या सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. सतरंजीवर दहा-बारा बाया बसल्या होत्या, सगळ्या कल्याणीनगर, विमाननगरकडच्या सोसायट्यांमध्ये कामाला जाणाऱ्या. काहींच्या गळ्यात अजून सोसायटीचं ओळखपत्र होतं. मॅडम फळ्याशी उभ्या होत्या. फोनवर इंग्रजीत निरोप कसा घ्यायचा ते चाललं होतं. मी आत न जाता दाराशीच थांबलो.

मागे बसलेल्या एका तरुण बाईनं हात वर केला. "मॅडम, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचं, ते आलं. पण त्या आम्हाला काय म्हणणार?"

बाया हसल्या. सगळ्या मॅडमकडे बघत होत्या. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"ते मला शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा क्लास त्या सोसायटीत घ्यावा लागेल, आणि तिथे मला कुणी बोलवलेलं नाही. पण इथे काय म्हणायचं ते आपल्या हातात आहे. उठा बघू एकेक जणी."

मग त्या एकेकीसमोर जायला लागल्या. हात पुढे करायच्या, "गुड आफ्टरनून, मिझ कांबळे." समोरची लाजत, हसत हात मिळवायची. "गुड आफ्टरनून, मिझ पवार." "गुड आफ्टरनून, मिसेस शेख," कारण तिनं मिसेसच हवं म्हणून आधीच सांगितलं होतं.

शेवटी भिंतीला टेकून बसलेली एक वयस्कर बाई उरली. शेजारणींनी ढकलून तिला उभं केलं.

"आपलं नाव?" मॅडमनी विचारलं.

"मंगल."

"मंगल काय?"

ती बाई गोंधळली. पदराशी चाळा करायला लागली. "माहेरचं सांगू का सासरचं?"

"आपल्याला कुठलं ऐकायला आवडेल?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नसावा. तिनं एकदा शेजारणींकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं. कुणीतरी हळूच काहीतरी सुचवलं, तर मॅडमनी त्यांना नजरेनंच थांबवलं. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. मी फोटोंचं पाकीट दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं आणि आवाज न करता निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं तेव्हा मंगलबाई अजून विचारच करत होत्या, आणि मॅडम त्यांच्यासमोर हात पुढे करून उभ्या होत्या, जराही घाई न करता.